लेक कडेवर, बाळ मांडीवर

आधी काम काय आहे ते सांगते. पुण्यात कर्वेनगरला एका घरी बाळ सांभाळायचं, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा, रविवारी सुट्टी. मी लागले तेव्हा बाळ सहा महिन्यांचं होतं आणि माझ्या कडेवर माझी दीड वर्षाची लेक होती. आता तिसरं वर्ष चालू आहे. आमच्या वारजे माळवाडीतल्या बायका मला विचारतात की स्वतःचं मूल घेऊन असं काम जमतं का. ज्यांच्या घरी तान्हं आहे अशा ताईही विचारतात, मूल घेऊन येणारी बाई ठेवावी का. दोघींना माझं सांगणं एकच आहे. जमतं, पण कामाला लागायच्या आधी सगळं समोरासमोर बोलून घेतलं तरच. ‘या तर खरं, पुढचं पुढे बघू’ असं म्हणून सुरू केलेलं हे काम टिकत नाही, आणि मोडतं तेव्हा त्रास दोन लहान लेकरांना होतो.

मी मूळची बीड जिल्ह्यातली. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडची गावंच्या गावं ऊसतोडीला बाहेर पडतात. माझे आई-वडील कोयत्यावर जायचे आणि मी आणि धाकटा भाऊ त्यांच्यासोबत फडावर. भाऊ बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीत झोपायचा, मी त्याला झोका द्यायचे. आमच्याकडे बाई कामाला निघाली की मूल सोबत असतंच, त्यामुळे त्यात मला कधी नवल वाटलं नाही. रोजगार हमीच्या कामावर तर कायद्यातच आहे की सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली तर त्यांच्याकडे बघायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरीही द्यायची. आई सांगते, त्या बाईची पाळी आपल्याला मिळावी म्हणून बायका वाट बघायच्या.

पण बाळ सांभाळायचं काम यापेक्षा फार वेगळं आहे. ऊस तोडताना हात उसाला असतात. मूल रडलं तर कोयता खाली ठेवून घटकाभर उचलून घेता येतं, ऊस जागेवरच असतो. धुणीभांडी करणारीचंही तसंच. इथं कामच मुलाचं आहे. माझी लेक माझ्याकडे जे मागते, म्हणजे कडेवर घे, भरव, झोपव, तेच सगळं दुसऱ्या लेकराला द्यायचा मला पगार मिळतो. आणि दोघांना ते बहुतेक वेळा एकाच क्षणी हवं असतं. सगळ्या अडचणी या एका गोष्टीतून निघतात, म्हणून आधी ती सांगितली.

लेकीला ठेवायला दुसरी जागा नव्हती. सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे सासूबाईंना गाव सोडता येत नाही. मिस्टर टेम्पोवर, त्यांच्या वेळेचा भरवसा नाही. अंगणवाडीत तीन वर्षांची झाल्यावरच मुलं बसतात, त्याआधी घरी न्यायचा आहार मिळतो. म्हणजे दूध सुटायच्या वयापासून तीन वर्षांपर्यंत कामावर जाणाऱ्या बाईच्या मुलाला दिवसभर बसायला जागाच नाही. सरकारची पाळणा योजना आहे, २०२२ पासून मिशन शक्ती या महिलांसाठीच्या केंद्राच्या कार्यक्रमात घेतलेली, पण आमच्या वस्तीत तसं पाळणाघर नव्हतं. खासगी पाळणाघरात टाकली असती तर पगाराचा मोठा हिस्सा तिथंच गेला असता, मग कामाला जायचं कशाला?

घरकामाच्या बायका पुरवणाऱ्या एका ब्युरोत नाव घालायला गेले तर तिथल्या बाईंनी लेकीकडे बघून फॉर्मच दिला नाही. ओळखीतून दोन घरं मिळाली. एकीने सांगितलं, “मुलीला आणणार असाल तर दोन हजार कमी.” दुसरीने सांगितलं, “आणा हो, पण ती किचनमध्येच बसेल.” मी दोन्ही कामं घेतली नाहीत, आणि गरज असतानाही का घेतली नाहीत ते सांगते. माझी मुलगी आली म्हणून त्यांच्या बाळाचं काही कमी होणार नव्हतं. तेवढेच तास, तेवढंच काम. मग पैसे कशाचे कापायचे? आणि दीड वर्षाचं मूल किचनमध्ये बसवायचं म्हणजे गॅस, सुरी, उकळतं पाणी यांच्यात त्याला एकटं सोडायचं आणि मी बेडरूममध्ये बाळापाशी. कुठल्याही आईचं तिथं लक्ष लागणार नाही, आणि ज्या बाईचं लक्ष लागत नाही तिच्या हातात आपलं बाळ देणं त्या घरालाही परवडणारं नाही.

कर्वेनगरच्या ताई हिंजवडीला कंपनीत आहेत. त्यांची सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपत आली होती. कंपनीत पाळणाघर होतं, पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असली की ते ठेवायचं असं २०१७ च्या कायद्याने झालं आहे. पण कर्वेनगरहून हिंजवडीला सकाळच्या गर्दीत सव्वा तास, संध्याकाळी तितकाच, आणि मांडीवर सहा महिन्यांचं बाळ. म्हणून त्यांनी घरी बाई बघायचं ठरवलं. मला त्या रजेचं ऐकून वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. वाईट यासाठी की लेक झाली तेव्हा मी धुण्याभांड्यांची कामं करत होते आणि मला रजा म्हणजे काम गेलं एवढंच होतं. बरं यासाठी की निदान एका बाईला तरी सहा महिने बाळाजवळ राहता आलं.

घरात आजी आहेत, म्हणजे ताईंच्या सासूबाई. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, खाली बसणं आणि बाळ उचलणं जमत नाही, पण डोळे आणि कान चांगले शाबूत. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “दोन लेकरं तू एकटी कशी बघशील गं?” प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, आजी, एक आठवडा बघा. ताई घरी असतानाच मी येते, त्या आठवड्याचे पैसे द्या, आणि तुम्हाला नाही पटलं तर मी स्वतः दुसरी बाई शोधून देते. ज्यांना हे काम करायचंय त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आई घरी असतानाच आठवडाभर काम करून बघा. आईलाही कळतं, आपल्यालाही कळतं, आणि मुख्य म्हणजे दोन लेकरांना एकमेकांची सवय लागते.

त्या आठवड्याच्या शेवटी ताई वही घेऊन बसल्या. पगार पूर्ण. रविवारशिवाय महिन्याला दोन पगारी सुट्ट्या, त्यापुढे खाडा. दिवाळीला एक पगार. (पुण्यात मोलकरणींनी १९८० साली संप केला आणि संघटना बांधली. पगारी सुट्टी आणि बोनस हे शब्द आज आपण न घाबरता बोलतो ते त्या बायकांमुळे. आपल्या मुलींनाही हे सांगायला हवं.) काम बाळाचंच, म्हणजे बाळाचं खाणं, कपडे, बाटल्या, अंघोळ, झोप. फरशी, भांडी, पोळ्या नाहीत. हे मी मुद्दाम लिहायला लावलं. मूल सोबत आणलं की घरातल्यांना नकळत वाटायला लागतं की आपण हिच्यावर उपकार करतोय, मग ‘जरा चार पोळ्या लाट’, ‘जरा धान्य निवडून दे’ सुरू होतं, आणि आपल्यालाही नाही म्हणायला जीभ रेटत नाही. मुलीला आणणं ही कामाची अट आहे, त्याची परतफेड करायची नसते.

लेकीबद्दलही लिहिलं. ती हॉलमध्ये आणि बाळाच्या खोलीत वावरेल. बाथरूम घरातलंच. जेवण माझ्या डब्यातलं, पण बाळाला फळ कापलं की तिलाही. ती आजारी असली तर मी येणार नाही आणि तो खाडा धरायचा नाही, त्याच्या बदल्यात एखाद्या शनिवारी मी उशिरापर्यंत थांबेन. ताईंनी जरा अवघडूनच विचारलं, “हिच्या लसी झाल्यात ना सगळ्या?” अवघडायचं काहीच कारण नव्हतं. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, त्यांचं बाळ सहा महिन्यांचं. घरात रोज येणाऱ्या मुलीला ती लस मिळालीय का हे विचारायलाच हवं. मी दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या दवाखान्याचं कार्ड नेलं, त्यांनी बाळाचं कार्ड मला दाखवलं. दोन्ही कार्डं बघायची, एकाचंच नाही.

आता कामाचं सांगते. घरातून निघताना एक पिशवी असायची. त्यात लेकीचे दोन जोड कपडे, डबा, पाण्याची बाटली, एक गोधडी आणि तिची खेळणी. खेळणी तिची स्वतःची हवीत, दोनच असली तरी. दुसऱ्याच्या घरी दिवसभर दुसऱ्याच्याच वस्तूंशी खेळणाऱ्या मुलाला सारखं ‘ते ठेव, ते बाळाचं आहे’ ऐकावं लागतं, आणि ते ऐकून मूल एक तर हट्टी होतं नाहीतर मिटून जातं. तिच्या हातात तिचं काहीतरी असलं की ती बाळालाही खुशीने देते. पण त्या पिशवीत बाळाच्या तोंडात मावेल असं काही नको. घरी ती चिंचोक्यांशी खेळायची, बांगड्या आणि बटणांच्या डबीशी खेळायची. ते सगळं मी आमच्या माळ्यावर टाकलं. बाळ रांगायला लागलं की जमिनीवरचं प्रत्येक कुसळ तोंडात जातं. सोबतच्या मुलाच्या खिशातसुद्धा रोज हात घालून बघावा, रस्त्यात उचललेला खडा निघतोच.

पहिले काही आठवडे फार जड गेले. बाळाकडून नाही, माझ्या लेकीकडून. तिने आजवर माझ्या मांडीवर दुसरं कोणी पाहिलंच नव्हतं. मी बाळाला घेतलं की ती माझा पदर धरून ओढायची, फरशीवर आडवी व्हायची, एकदा तर बाळाच्या पायाला चावली. दात उमटले होते. मी ते झाकलं नाही, ताईंना त्याच वेळी फोन केला, फोटो पाठवला. त्या पलीकडे गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “आजींना जवळ बसवा, मी संध्याकाळी बोलते.” संध्याकाळी काय बोलतील याची धास्ती होती. पण त्यांनी विचारलं ते हे, की ती नेमकी कधी चिडते. आम्ही दोघींनी बसून आठवलं तेव्हा कळलं, ती सकाळी अकराच्या सुमारास चिडते, बाळाला भरवत असताना. तिला त्याच वेळी भूक लागत होती. दुसऱ्या दिवसापासून मी दोघांना एकत्र बसवायला लागले, बाळ त्याच्या खुर्चीत, ती पाटावर, मध्ये मी. एक घास इकडे, एक घास तिकडे. चावणं थांबलं.

दुसरा उपाय म्हणजे तिला काम दिलं. लंगोट आण, पावडरचा डबा दे, बाळाचं टोपडं शोध. दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलाला मोठेपणा फार आवडतो. ती धावत जाऊन टोपडं आणायची आणि बाळाच्या तोंडावरच ठेवायची, पण आणायची.

आणि दोघं एकदम रडायला लागली तर? हे मला सगळेच विचारतात. माझा नियम असा आहे की ज्याला लागलंय किंवा ज्याला भूक आहे त्याला आधी उचलायचं, आणि जो थांबलाय त्याला मोठ्याने सांगायचं. लेकीला ‘थांब गं, बाळाचं झालं की तू’ हे रोजच ऐकावं लागतं. पण मी बाळालाही सांगते, “थांब रे राजा, छकुलीला पाणी देते, मग तुला घेते.” एकदा ताई घरूनच काम करत होत्या, त्यांच्या कानावर हे पडलं. बाळ रडतंय आणि मी माझ्या मुलीच्या तोंडाला ग्लास लावतेय. त्या दारात आल्या, काही न बोलता परत गेल्या. दुपारी दोघं झोपल्यावर म्हणाल्या, “तुम्ही त्याला थांबवलंत.”

मी म्हटलं, “हो ताई. त्याला फक्त कंटाळा आला होता, हिला ठसका लागला होता.”

“मी इथे नसते तरी असंच केलं असतं?”

“असंच. आणि उलट असतं तर हिला थांबवलं असतं. रोज तेच होतं, तुम्हाला ते दिसत नाही कारण ती तुमची नाही.”

बोलून गेले आणि वाटलं, आज काम गेलं. त्या थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. मला फक्त सवय नाही.” त्यानंतर हा विषय निघाला नाही. मला वाटतं, बाई ठेवणाऱ्या प्रत्येक आईने हे आधीच मनाशी पक्कं करावं. सोबत मूल असलेल्या बाईच्या हाताखाली आपलं बाळ कधी कधी थांबणार आहे. एका घरात दोन भावंडं असली की धाकटं थांबतंच, तसंच हे. आपलं बाळ एक क्षणही थांबायला नको असेल तर मूल नसलेली बाई ठेवावी, त्यात काही चूक नाही, पण ते आधी सांगावं.

खाण्यापिण्याबाबत मी नशीबवान ठरले. ताई दूध काढून फ्रिजमध्ये ठेवायच्या, प्रत्येक बाटलीवर तारीख-वेळ लिहिलेली. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायची, गॅसवर उकळायची नाही, उरलेलं परत ठेवायचं नाही. वरचं खाणं तेव्हाच सुरू झालं होतं. नाचणीचं सत्त्व, मुगाच्या डाळीचं वरण आणि गुरगुट्या भात तुपाची धार सोडून, उकडलेलं रताळं. डॉक्टरांनी वर्षाचा होईपर्यंत मध देऊ नका असं बजावलं होतं, आणि आजींना तर मध चाटवायचाच होता. “आमची पोरं मधावरच वाढली.” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. ताईंना आणि आजींना एकत्र बसलेल्या बघून सांगितलं, तुम्ही दोघी ठरवा आणि मला एकच सांगा, मी तेवढंच करेन. बाळ सांभाळणाऱ्या बाईने सासू-सुनेच्या मधल्या गोष्टीत एकीची बाजू घेऊ नये. आजींनी मग मधाची बाटली कपाटात ठेवली आणि बोंडलं काढलं, निदान पाणी तरी यातून पाज म्हणाल्या. ते चाललं.

एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहितेच. माझी लेक तेव्हा दुपारी झोपताना अंगावर प्यायची. मी दार लोटून घेऊन पाजायचे. बाळ कधी माझ्या खांद्यावर पेंगुळलं की तोंड फिरवून तेही शोधायचं. मला धस्स व्हायचं. मी हेही ताईंना सांगितलं, कारण त्यांनी कधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, ऑफिसमध्ये दुपारी दोन वाजता त्यांचेही कपडे ओले होतात. मग त्या दुपारच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करायला लागल्या, आणि मी बाळाला त्यांचा वापरलेला स्टोल गुंडाळून झोपवायला लागले. त्याने ते बरंच शांत झालं.

झोपेचं गणित जुळलं की अर्धं काम सोपं होतं. मी लेकीला सकाळी लवकर उठवायला लागले म्हणजे तीही बाळाबरोबर दुपारी साडेबाराला डोळे मिटेल. बाळ पाळण्यात, लेक खाली गोधडीवर. पाळण्याची दोरी माझ्या डाव्या हातात आणि उजव्या हाताने लेकीला थोपटणं चालू. दोन्ही हातांची लय वेगळी असते. बाळाला लांब, संथ झोका लागतो आणि लेकीला पाठीवर भराभर थापट्या. एक हात थांबला की दुसराही थांबतो आणि मग दोघंही डोळे उघडतात. हे जमायला वेळ लागला, पण जमल्यावर दुपारचा दीड तास माझा असायचा. त्या वेळात मी जेवायचे.

आजारपणं आली. पावसाळ्यात हात-पाय-तोंडावर पुरळ येणारी ती साथ आली, आधी लेकीला, मग बाळाला. कोणाकडून कोणाला हे कोणी बोललं नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. औषध मी स्वतःच्या मनाने कधी दिलेलं नाही, दोघांपैकी कोणालाही. ताप आला की आधी फोन, मग ताई सांगतील तेवढंच माप.

आता बोरन्हाण. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी ठरलं. आजींनी मला आधीच विचारलं होतं, “हिचं झालंय का गं?” झालं नव्हतं, पहिल्या संक्रांतीला आमच्याकडे सुतक होतं. आजी म्हणाल्या, पाच वर्षांपर्यंत करतात, दोघांचं बरोबरच करू. लेकीला काळं झबलं मी शिवलं, हलव्याचे दागिने आजींनी दोन जोड मागवले. दोघांना पाटांवर शेजारी बसवलं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, बिस्किटं, चॉकलेटं. शेजारची मुलं वेचायला तुटून पडली, माझी लेक पाटावरून उठून तीही वेचायला लागली, मुठीत बोरं, तोंडात चुरमुरे. एवढ्यात पाहुण्यांतल्या एक बाई फोटो काढणाऱ्याला म्हणाल्या, “नुसत्या बाळाला घे रे, कामवालीची मुलगी मध्ये येतेय.” मी तिला उचलायला पुढे झाले तेवढ्यात आजींचा आवाज आला, “बसू दे तिला. तिचंही बोरन्हाण आहे.”

आजींचं ते बोलणं मी विसरणार नाही. पण त्याच दिवशी पुढे काय झालं तेही सांगायला हवं. पाहुण्यांनी बाळाला खेळणी आणली होती, कागद फाडून एकेक निघत होतं, आणि माझी लेक प्रत्येक वेळी पुढे होऊन हात पसरत होती. तिला कसं समजावणार? मी तिला घेऊन गॅलरीत गेले आणि घरी जाईपर्यंत तिथंच थांबले. तेव्हापासून घरात कार्यक्रम असला की मी आधी विचारते, मी पाहुणी म्हणून यायचं की कामाला. कामाला असेन तर लेक तिच्या बाबांजवळ राहते, नाहीतर शेजारी. ताईंना आधी हे कोरडं वाटलं. पण प्रेमाने बोलावलं म्हणून मुलीला असल्या जागी उभं करायचं नाही हे मी ठरवलंय.

सोसायटीचं थोडक्यात सांगते. बागेत मी दोघांना घेऊन जायचे. कोणीतरी तक्रार केली की कामाला येणाऱ्यांची मुलं झोक्यावर बसतात. ताईंनी कमिटीला पत्र दिलं, मग परवानगी मिळाली, ‘बाळासोबत असताना’. दोन वर्षांच्या मुलीला झोक्यावर बसायला परवानगी लागावी याचा मला आजही संताप येतो.

लेक आता विचारते, आपल्याकडे असा सोफा का नाही, इतकी पुस्तकं का नाहीत. मी खरं ते सांगते. ते बाळाचं घर आहे, त्याच्या आईबाबांनी घेतलंय, मी तिथं कामाला जाते आणि तू माझ्यासोबत येतेस. पुस्तकं आपण आणू, सोफा इतक्यात येणार नाही. कधी ती त्या घराला ‘आपलं घर’ म्हणते, तेव्हा मी दुरुस्त करते. मन दुखतं पण करते. मात्र ती बोलायला लागली ती आजींच्या गोष्टी ऐकत, आणि तिचा पहिला दात हलेपर्यंत मी दिवसभर तिच्यासमोर असेन, हे कुठल्याच पाळणाघराने दिलं नसतं.

कागदपत्रांचं एवढंच सांगते की नोंदणी करा. ई-श्रमचं, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं कार्ड काढा, ते २०२१ पासून मिळतं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, अठरा ते साठ वयाच्या बाईला नाव नोंदवता येतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदा करता येईल का हे बघायला केंद्राला समिती नेमायला सांगितलं. तो कायदा झालाच तर त्यात आमच्या मुलांना बसायला जागा असावी अशी माझी मनापासून मागणी आहे. रोजगार हमीवर झाडाखाली एक बाई नेमता येते तर शहरात प्रत्येक वस्तीत एक पाळणाघर का नाही?

सध्या आमच्याकडे नवीन बोलणी चालू आहेत. बाळ जूनपासून प्लेग्रुपला जाणार, नऊ ते बारा. ओळखीच्या दोघींचे पगार अशा वेळी कापले गेलेत, म्हणून मी ताईंना महिनाभर आधीच विचारलं. त्या म्हणाल्या पगार तोच, पण त्या वेळात बाळाचे कपडे आणि कपाट बघा, आणि जमलं तर स्वयंपाकही. कपडे आणि कपाटाला हो म्हटलं, स्वयंपाकाला नाही म्हटलं. तेही वहीत लिहिलं. लेक आमच्या वारज्याच्या अंगणवाडीत जायला लागलीय, पण ती सुटते तेव्हा मी कर्वेनगरला असते आणि शेजारणीला रोज त्रास देणं बरं नाही. कर्वेनगरच्या अंगणवाडीत तिचं नाव घालता येतं का हे विचारायला सोमवारी जाणार आहे. घेतलं तर दोघांना शाळेतून मीच आणीन.